तीन वर्षे थांब, असे मी तिला सांगितले

(वेगवेगळ्या जिल्ह्यांतील स्त्री-गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

परदेशातल्या कामाच्या व्हिसाबद्दल बोलायला शहापूर-मुरबाडची कार्यकर्ती कशाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल. आमच्याकडे मुरबाडला अजून रेल्वे नाही. शहापुरातून तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात धरणांच्या शेजारच्या पाड्यांवर टँकर येतो. अशा ठिकाणी विमानाच्या गोष्टी कोण करणार? चारेक वर्षांपूर्वीपर्यंत मीही असेच म्हटले असते.

पण आमचे दोन्ही तालुके मुळात जाणाऱ्यांचे आहेत. दिवाळी झाली की कातकरी वाड्या रिकाम्या होतात. भिवंडी, कल्याण, पनवेलच्या वीटभट्ट्यांवर माणसे जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. ठाकर बाया रानभाज्या, करवंदे, जांभळे घेऊन पहाटेची कसारा लोकल धरतात. खर्डी, आटगाव, आसनगावच्या किती तरी बाया कल्याण-ठाण्यात आयाकाम, स्वयंपाक, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करून रात्री घरी येतात. ज्या बाईने दहा वर्षे ठाण्याच्या एका घरात म्हातारीची सेवा केली, तिला कोणी म्हटले की हेच काम परदेशात केलेस तर चौपट पैसे मिळतील, तर तिने विचार करू नये का? आपण कार्यकर्त्या या विचाराला लगेच ‘भूल’ म्हणतो. मला तो साधा हिशेब वाटतो.

आज मी दोन बायांबद्दल बोलणार आहे. त्यांची नावे सांगणार नाही. त्यांच्या परवानगीने बोलते आहे.

पहिली मुरबाड तालुक्यातली. आठवी झालेली, अठराव्या वर्षी लग्न, पंचविसाव्या वर्षी नवरा गेला. पदरात दोन मुले. सासरी राहायची, कल्याणला एका घरी दिवसभराचे काम करायची. २०२२ साली ती माझ्याकडे आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिच्या ओळखीच्या एका बाईने आखातात घरकामाचे काम आहे असे सांगितले होते. ती म्हणाली, “ताई, तुम्ही कागद बघा. फसवणूक नको व्हायला.”

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली. कागद बघायची मला हौस. मी नियम शोधून काढले आणि तिला समजावून सांगितले. ते तुम्हालाही सांगते, कारण आपल्या गटांमध्ये हे कोणाला नीट माहीत नसते.

आपल्या देशातून कामासाठी बाहेर जाण्यावर १९८३ चा उत्प्रवास कायदा लागू आहे. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा इसीआर असा शेरा येतो. म्हणजे आखातातले देश, मलेशिया, जॉर्डन, लेबनॉन असे जे अठरा देश यादीत आहेत, तिथे कामाला जायचे तर सरकारची आगाऊ मंजुरी हवी. ही मंजुरी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याकडून मिळते. प्रोटेक्टर म्हणजे रक्षक. नाव लक्षात ठेवा.

आता हा शेरा असलेला पुरुष अठरा वर्षांचा झाला की मंजुरी मागू शकतो. बाईला मात्र तीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. या बाईचा धाकटा भाऊ तिच्याच शाळेत तिच्याइतकाच शिकला. तो एकवीस वर्षांचा असताना रीतसर मंजुरी घेऊन बांधकामावर मदतनीस म्हणून गेला. ती दोन लेकरांची आई, घर चालवणारी, पण सरकारच्या लेखी अजून अजाण.

शिवाय २००७ च्या सुमारास घरकाम करणाऱ्या बायांसाठी आणखी अटी आल्या. करार आपल्या दूतावासाने साक्षांकित केलेला हवा, मालक स्वतः नेमणूक करत असेल तर त्याने अडीच हजार डॉलरची हमी भरावी, बाईला फोनची सोय द्यावी. यातल्या काही अटी चांगल्याच होत्या, हे मी आधीच कबूल करते. पुढे ऑगस्ट २०१६ पासून ठरले की इसीआर शेऱ्याच्या बायांची भरती खाजगी एजंटांनी करायचीच नाही, फक्त सरकारी संस्थांनी करायची. केरळच्या नॉर्का रूट्स आणि ओडेपेक, तामिळनाडू, आंध्र, तेलंगण, उत्तर प्रदेश यांच्या संस्था त्या वेळी नेमल्या गेल्या. महाराष्ट्राचे नाव त्या यादीत नव्हते. म्हणजे मुरबाडच्या बाईला दार दाखवले ते त्रिवेंद्रमला.

हे सगळे मी तिला सांगितले आणि शेवटी म्हणाले, “तीन वर्षे थांब. तीस पूर्ण होऊ दे. मग आपण रीतसर करू.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तीन वर्षं पोरांनी काय खायचं, ते त्या कागदात लिहिलंय का?”

मी रागावले नाही, पण मला वाटले की ही ऐकत नाही. त्या दिवशी घरी जाताना मी समाधानात होते. एका बाईला मी फसवणुकीतून वाचवले, असे मी माझ्या नोंदवहीत लिहिलेसुद्धा. ते पान अजून आहे.

दीड महिन्याने कळले की ती गेली. कामाच्या व्हिसावर नाही, फिरायला जाणाऱ्या पर्यटकाच्या व्हिसावर. त्याला मंजुरी लागत नाही, वयाची अट नाही. आयुष्यात माळशेज घाटापलीकडे न गेलेली बाई सरकारी कागदावर सहलीला निघाली होती.

तिथे काय झाले ते थोडक्यात सांगते, कारण अशा कहाण्या तुम्ही ऐकलेल्या आहेत आणि मला त्यांचा खेळ करायचा नाही. पहिल्या दिवशी पासपोर्ट काढून घेतला. एका घरी म्हणून नेले आणि तीन घरी कामाला लावले. फोन रविवारी दहा मिनिटे. चार महिने पगार घरी आला, त्यावर मुलांची फी भरली गेली, घराचे पत्रे बदलले. हेही सांगायला हवे, नाहीतर ती का टिकून राहिली ते कळणार नाही. मग पगार बंद झाला. व्हिसाची मुदत कधीच संपली होती, म्हणजे आता ती गुन्हेगार आणि तिला डांबणारा मोकळा. अकराव्या महिन्यात ती त्या घरातून निघून दूतावासात पोहोचली. पासपोर्ट मालकाकडे राहिला म्हणून परतीपुरता तात्पुरता कागद तिला मिळाला. मुदत ओलांडल्याचा दंड तिथल्या काही मलयाळी मंडळींनी वर्गणी काढून भरला.

या अकरा महिन्यांत आम्ही इकडे धावपळ केली आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न ऐकला: करार आहे का? मंजुरी आहे का? एजंटाचा नोंदणी क्रमांक? मंजुरी घेऊन जाणाऱ्या कामगाराचा प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचा विमा असतो. दोन वर्षांसाठी हप्ता अवघा २७५ रुपये. हिचा नव्हता. मालकाचे नाव सरकारी संगणकात असते. हिच्या मालकाचे नव्हते. रीतसर एजंटाला तीस हजार आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त घेता येत नाही. हिने किती दिले याची पावती नव्हती. जी-जी गोष्ट तिच्या उपयोगी पडली असती ती सगळी त्या दारामागे होती जे तिच्या रक्षणासाठी बंद केले होते.

परत आल्यावर मी तिला विचारले, निघताना मला का सांगितले नाहीस? ती म्हणाली, “तुम्ही नियम सांगितला असता.”

मैत्रिणींनो, मी हे वाक्य घेऊन बरेच दिवस फिरते आहे. आपली चळवळ वर्षानुवर्षे म्हणत आली की बाईला घरात कोंडून तिचे रक्षण होत नाही. रात्रपाळीच्या बंदीबद्दल आपण हेच म्हटले. डान्स बारवर २००५ साली बंदी आली तेव्हाही आपल्यातल्या पुष्कळजणींनी विचारले, त्या मुलींनी उद्या काय करायचे? मग सीमेवर पोहोचल्यावर आपली भाषा का बदलते?

नेपाळकडे बघा. १९९८ साली कुवेतमध्ये काम करणाऱ्या कनी शेर्पा या नेपाळी स्त्रीचा मृत्यू झाला. देशभर संताप उसळला आणि सरकारने बायांना आखातात घरकामाला जायला बंदी घातली. २०१० साली ती उठली, २०१२ साली तीस वर्षांखालच्या बायांसाठी पुन्हा आली. या सगळ्या काळात नेपाळी बाया जातच राहिल्या, फक्त काठमांडूच्या विमानतळाऐवजी भारतातून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१५ साली याचा अभ्यास केला तेव्हा हेच दिसले: बंदीने जाणे थांबले नाही, जाण्याची वाट अधिक धोक्याची झाली.

आणि वय! आमच्या कातकरी वाड्यांत निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जानेवारीला असतो. भट्टीवर जन्मलेल्या मुलीची नोंद कोण करणार? आधार कार्ड काढताना समोरचा अंदाजाने साल टाकतो. ज्या तालुक्यात जन्मतारीख हीच अंदाजाची गोष्ट आहे तिथे एजंटाला सत्तावीसची तीस करायला कितीसा वेळ लागतो? मग ती बाई खोट्या कागदाची धनी होते आणि तक्रार करायलाही भिते.

आता दुसरी बाई. ही शहापूर तालुक्यातली, किन्हवलीच्या बाजूची. हिचे मात्र सगळे रीतसर होते, म्हणून तिची गोष्ट सांगते. बारावी, मग एएनएमचा कोर्स, कल्याणच्या एका खाजगी दवाखान्यात रात्रपाळी. नवऱ्यापासून वेगळी राहते, सहा वर्षांची मुलगी आहे. इसीआरचा प्रश्न नाही. हिला जायचे होते इंग्लंडला.

इंग्लंडने फेब्रुवारी २०२२ मध्ये म्हाताऱ्या-आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या कामगारांसाठी व्हिसा खुला केला होता. करोनानंतर त्यांच्याकडे माणसे नव्हती. केरळ, पंजाबपासून नायजेरिया, झिंबाब्वेपर्यंतच्या बाया गेल्या. पण हा व्हिसा मालकाशी बांधलेला. मालकाने प्रायोजक व्हायचे, त्याचा परवाना रद्द झाला तर बाईला साधारण साठ दिवसांत नवा प्रायोजक शोधायचा, नाहीतर परत. आणि परवाने रद्द झाले ते थोडेथोडके नाहीत. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात या क्षेत्रातले ४७० हून अधिक रद्द केले गेले. गुन्हा मालकाचा, शिक्षा बाईला.

मग दारे बंद होऊ लागली. ११ मार्च २०२४ पासून या कामगारांना मुले-जोडीदार बरोबर नेता येईना. दुसऱ्यांच्या आईची काळजी घ्यायला ये, पण स्वतःचे मूल मागे ठेव, असा त्याचा सरळ अर्थ. २२ जुलै २०२५ पासून तर बाहेरून नवी भरतीच बंद केली. तिथल्या राजकारणात परदेशी माणसे कमी करून दाखवायची होती. तिथल्या म्हाताऱ्यांची संख्या काही त्या दिवशी कमी झाली नाही.

आमच्या बाईने २०२४ च्या सुरुवातीला पैसे भरायला सुरुवात केली. एजंटाने नऊ लाख सांगितले होते. तिने साडेचार लाख जमवले: आईचे मंगळसूत्र, स्वतःची भिशी, भावाने काढलेले कर्ज, आणि तिच्या बचत गटाने दिलेले साठ हजार. गटात अकरा बाया. त्यातल्या तिघी शेतमजूर आहेत, एक भाजी विकते. गटाच्या इतिहासातले ते सगळ्यात मोठे कर्ज होते. ठरावावर सल्लागार म्हणून माझी सही आहे.

मुलीला बरोबर नेता येणार नाही हा नियम मार्चमध्ये आला तेव्हा एजंट म्हणाला, “नंतर बोलावता येईल.” इंग्रजीची परीक्षा ती पास झाली. नेमणुकीचा कागद आज येतो, उद्या येतो. जुलै २०२५ मध्ये दार बंद झाले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिला एजंटाचा निरोप आला की इंग्लंड झाले नाही, क्रोएशियाला बघू, अजून दोन लाख लागतील. मग कार्यालयाचे शटर खाली, फोन बंद.

गटाची त्यानंतरची सभा मी विसरणार नाही. भाजी विकणाऱ्या बाईने माझ्याकडे न बघता विचारले, “हिला दिलेत तसे माझ्या लेकीच्या बाळंतपणाला का नाही दिलेत?” कोणाकडे उत्तर नव्हते. मी काही तरी बोलायला लागले, इंग्लंडच्या सरकारचे धोरण वगैरे. एक वयस्कर मावशी म्हणाल्या, “ताई, ते इंग्लंडचं राहू दे. हप्ता कसा बसवायचा ते सांग.” तासभर हिशेब झाला. शेवटी व्याज माफ, मुद्दल दीड हजाराच्या हप्त्याने. पोलिसांत तक्रार दिली आहे, तपास चालू आहे. ती अजून रात्रपाळी करते आणि दर महिन्याच्या सभेला सगळ्यांच्या आधी येऊन बसते. तेवढ्यानेच मला वाईट वाटते.

वीटभट्टीवर आमच्या लोकांना मालक दिवाळीआधी बयाणा देतो. माणूस त्या पैशाने बांधला जातो, सीझनभर फेडत राहतो. परदेशाच्या बाबतीत हे उलटे झाले आहे. इथे बयाणा कामगार देतो, आणि तरी बांधला तोच जातो. व्हिसा जितका दुर्मीळ, तितका हा बयाणा मोठा. एजंट व्हिसा विकत नाही, तो व्हिसाची टंचाई विकतो. म्हणून लंडनमध्ये वा वॉशिंग्टनमध्ये नियम आवळला गेला की त्याचा भाव कल्याणच्या गाळ्यात चढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलरची रक्कम लावली, त्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने छापल्या. ते आपल्या शहरी, शिकलेल्या घरांचे दुःख आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण काळजी घेणाऱ्या बायांचे दार जुलैत बंद झाले तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रात मला चार ओळी सापडल्या.

भट्टीवरची आणखी एक गोष्ट. मालकाच्या वहीत ‘जोडी’ लिहिलेली असते. नाव नवऱ्याचे, बयाणा नवऱ्याच्या हातात, विटा दोघांच्या. बाईचे नाव वहीत नसते. अमेरिकेत गेलेल्या इंजिनियरची इंजिनियर बायको एच-फोर व्हिसावर जाते, तिच्या कागदावर ‘अवलंबित’ असते. २०१५ पर्यंत अशा कोणालाच कामाची परवानगी नव्हती. त्यानंतर काहींना मिळाली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जावर अवलंबून. भट्टी आणि कॅलिफोर्निया यांची तुलना करणे काहींना अति वाटेल. पण दोन्हीकडच्या बाया मला सांगतात की राग आला तरी निघून जाता येत नाही, कारण आपल्या नावाचा कागदच नाही.

आपल्यातल्या काहीजणी म्हणतात, बायांनी परदेशी जाऊन दुसऱ्यांची धुणीभांडी करावीत हे आपण मागायचे का? इथेच काम मागू. इथले काम मागतोच आहोत. रोजगार हमीच्या कामासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या मी पुष्कळ झिजवल्या आहेत. पण काम मिळेपर्यंत ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? काहीजणी म्हणतात, वयाची अट गेली तर तरुण मुली पळवल्या जातील. ही भीती मला पोकळ वाटत नाही. पण पळवणाऱ्याला कामाचा व्हिसा, साक्षांकित करार आणि सरकारी नोंद नको असते. त्याला हीच अट सोयीची आहे.

माझे म्हणणे असे की आपण वयाच्या अटीविरुद्ध स्पष्ट भूमिका घ्यावी आणि त्याच दमात रक्षण मागावे, कागदावरचे नव्हे, हातातले. जिल्ह्यात एक खिडकी असावी जिथे एजंटाची नोंदणी तपासून मिळेल. करार मराठीत वाचून दाखवला जावा आणि त्याची प्रत बाईकडे व तिच्या गटाकडे असावी. राज्याने भरतीची जबाबदारी घ्यावी आणि ती तालुक्यापर्यंत आणावी. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली झाला, भारताने तेव्हा बाजूने मत दिले आणि पुढे मान्यता दिलीच नाही. ती मागावी. १९८३ चा कायदा बदलण्यासाठी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने नव्या विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. आपल्यापैकी किती गटांनी त्यावर लिहून पाठवले? आम्ही पाठवले नाही. आम्हाला कळले तेव्हा मुदत गेली होती.

पहिल्या बाईचे सांगून थांबते. गेल्या महिन्यात ती कार्यालयात आली. नवा पासपोर्ट काढून आणला होता. तो टेबलावर ठेवून म्हणाली, “ताई, आता तीस झाली. रीतसर करू म्हणाला होतात.”

मला वाटले होते ती पुन्हा कधी त्या वाटेला जाणार नाही. तसे मी बोलून दाखवले. तर म्हणाली, “काम वाईट नव्हतं ताई. माणसं वाईट होती आणि माझ्याकडं काय नव्हतं.”

आम्ही दोघी अर्ज भरायला बसलो आहोत. तिचे नाव, जन्मतारीख, शिक्षण झाले. ‘नोकरी देणाऱ्याचे नाव व पत्ता’ या रकान्यापाशी थांबलो आहोत. तो कोणत्या संस्थेमार्फत भरायचा, याची विचारणा करणारी तीन पत्रे मी पाठवली आहेत. उत्तराची वाट बघतो आहोत.